तिसऱ्या सर्व्हिसचं बिल

ठाकुर्ली (पूर्व),
२ जून २०२५

श्री. प्रणित वैती यांना सप्रेम जय भीम.

तुम्ही मला पाहिलेलं नाही, पण तुमची गाडी रोज माझ्या दारात उभी असते. जानेवारीत कोपरीच्या दलालाकडून तुमची पांढरी गाडी घेतली ती मी, माया भालेराव. तुमचा फोन बंद लागतो आणि दलाल आता माझा उचलत नाही. वॉरंटीच्या पुस्तकात पहिल्याच पानावर तुमचा बाळकुमचा पत्ता सुवाच्य अक्षरात लिहिलेला आहे, म्हणून हे पत्र.

मी एकतीस वर्षं रुग्णालयाच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासलं आणि डिसेंबरात निवृत्त झाले. अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडी शिकले. आमच्या घरात आजवर कुणाकडे चारचाकी नव्हती, त्यामुळे सल्ला द्यायला सगळेच पुढे होते. भाचा सम्यक म्हणाला, "आत्या, सेकंडहँड नको घेऊस. वॉरंटी फक्त पहिल्या मालकाला असते. गाडी विकली की खल्लास." दलाल म्हणाला, "मॅडम, चालतेय ना मक्खन? मग वॉरंटीचं काय लोणचं घालायचंय?" मी दोघांचंही ऐकलं नाही.

आता गेले पंधरा दिवस स्टेअरिंग मधूनच जड होतं आणि समोर पिवळा दिवा लागतो. परवा पत्री पुलाच्या वळणावर असं झालं, तेव्हा दोन्ही हातांनी चाक ओढून माझा खांदा दोन दिवस दुखत होता. घरचे म्हणतात, विकून टाक. मला विकायची नाही. ही माझ्या आयुष्यातली पहिली चैन आहे.

म्हणून मी वॉरंटीचं पुस्तक वाचायला घेतलं. बारीक टाइपातली सत्तर पानं, भिंग लावून. आणि काय सांगू, त्यात माणसाचा प्रश्नच नाही हो! वॉरंटी दिलीय ती गाडीच्या चॅसिस नंबराला. तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर, जे आधी होईल तोपर्यंत. मालक मधे कितीही बदलू देत. जादा पैसे भरून वाढवलेली वॉरंटी असेल तर तेवढी आपल्या नावावर करून घ्यावी लागते, पण ती तुम्ही घेतलेलीच नाही. म्हणजे २२ ऑगस्टपर्यंत गाडी वॉरंटीत आहे. हे वाक्य मी सम्यकला मोठ्याने वाचून दाखवलं.

सर्व्हिस सेंटरमध्ये ऋतुराज नावाचे सल्लागार आहेत. त्यांनी मान डोलावली. पण म्हणाले, "मॅडम, सगळ्या सर्व्हिस वेळेवर आणि कंपनीच्या वर्कशॉपमध्ये झालेल्या पाहिजेत. तिसरीची नोंद आमच्याकडे नाही." पुस्तकात पाहिलं तर तिसऱ्या सर्व्हिसचा रकाना कोरा.

तुमच्याकडे ते बिल असेल तर कृपया पाठवा. ते मिळालं तर गाडी माझ्याकडे राहील. नाही मिळालं तर गाडी जाईल आणि वर सम्यक खरा ठरेल.

आपली,
माया भालेराव


बाळकुम,
१० जून

मायाताईंना शेवंती वैतीचा नमस्कार.

तुमचं पत्र प्रणितच्या नावाचं होतं, पण मी फोडलं. तो माझा मुलगा. जानेवारीपासून मालाच्या जहाजावर नोकरीला आहे, म्हणून त्याचा इकडचा नंबर बंद. त्याच्या खुशालीचा फोन सूनबाईला, हेमालीला येतो. मला डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि उजव्याने अर्धंच. म्हणून मी पण पत्रच लिहिते. सातवी पास आहे, चुका सांभाळून घ्या.

गाडी कशी आहे? काचा नीट बंद होतात का? मागची डावी काच थोडी नाठाळ होती, तिला हाताने आधार द्यावा लागतो. तुम्ही तिला घेऊन कुठे कुठे जाता? मी कोपरीच्या बाजारात चाळीस वर्षं मासळी विकली. शेवटचं वर्षभर मला प्रणित गाडीतून सोडायचा. बाजारात सगळ्या म्हणायच्या, "शेवंते, गाडीतून येतेस, मग बोंबलाचा भाव वाढवलास की काय!"

आमच्या ह्यांची, म्हणजे दामाजींची होडी होती. ते गेले, मग होडी विकली. त्यात भर घालून प्रणितने गाडी घेतली. अंगणात पावसाळ्यात होडी जिथे उपडी ठेवायचो तिथेच गाडी उभी राहायची. त्यामुळे मला ती कधी परकी वाटली नाही.

बिल असेल. शोधते.

ताई, तुम्ही एवढं पुस्तक वाचलंत तर एक विचारते. कंपनी गाडी फुकट दुरुस्त करून देते ती कंपनीची चूक असेल तरच, का आपल्या हातून काही झालं असेल तरी? आणि गाडीच्या पुढच्या बाजूला, जाळीच्या मागे, पांढरं पांढरं काही दिसलं का? सहज विचारते.

तुमच्याकडे गाडीची पूजा करतात का?

शेवंती


ठाकुर्ली,
१९ जून

प्रिय शेवंतीताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि एकदा सम्यकला वाचून दाखवलं. मागची डावी काच अजूनही नाठाळ आहे. मी तिला आता आधार देते आणि तुमची आठवण काढते.

पूजा आमच्याकडे नाही. गाडी आणली त्या दिवशी घरी वंदना घेतली, पुढच्या काचेला छोटा निळा झेंडा लावला आणि मजल्यावर पेढे वाटले. मग चार बायका कोंबून गणेश घाटापर्यंत चक्कर मारून आणली. त्यातल्या तिघींनी डोळे मिटून घेतले होते.

आता तुमचा प्रश्न. किती नेमका प्रश्न विचारलात! मी ऋतुराजना तोच विचारला. ते म्हणाले, वॉरंटी फक्त बनवण्यातल्या दोषाला. गाडी पुराच्या पाण्यात बुडाली, बाहेरच्या मेकॅनिकने वायरी कापल्या, टॅक्सी म्हणून चालवली किंवा वरून काही सांडून गंज चढला, तर कंपनी हात वर करते. मालक पहिला असो की दुसरा.

आणि तुम्ही पांढऱ्याचं विचारलंत म्हणून मी वाकून टॉर्चने पाहिलं. ताई, आहे! डाव्या चाकाच्या वर, स्टेअरिंगच्या मोटारीला जाणारा एक प्लग आहे, त्याच्यावर पांढरी बुरशी यावी तशी पूड. गाड्यांमधलं तुम्हाला इतकं कळतं, मला ठाऊक नव्हतं. अनोळखी पूड जिभेला लावायची नाही हे मी एकतीस वर्षं नव्या पोरींना शिकवलं, म्हणून लावली नाही. खरवडून औषधाच्या बाटलीत भरली आणि कल्याणला ओळखीच्या एका बाई कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात, त्यांच्याकडे नेली. पाण्यात विरघळवून सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाकला, तर दूध नासावं तसा पांढरा चोथा खाली बसला. मीठ! साधं मीठ.

आता माझ्या गाडीत मीठ येणार कुठून? उत्तर माझ्या दारातच होतं. आमचे वॉचमन शिवराम रोज सकाळी बोअरचं पाणी मारून गाड्या धुतात. बोअरचं पाणी खारट असतं हे कुणालाही ठाऊक आहे. मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये बाटली टेबलावर ठेवली आणि सगळं समजावून सांगितलं. आता शिवरामचं गाड्या धुणं बंद झालंय. माझीच नाही, आठही गाड्यांचं. त्याला वाईट वाटलं असणार, पण पुरावा तो पुरावा.

आता एवढंच की, बोअरच्या पाण्याचा दोष कंपनी मानेल का, यावर ऋतुराजशी वाद घालायचा आहे. त्यासाठीही आधी बिल हवंच. सापडलं का?

तुमची,
माया


ठाकुर्ली,
३ जुलै

शेवंतीताई,

माझं आधीचं पत्र पोचलं ना? बरं नाही का तुम्हाला? बिल नसेल सापडत तर राहू द्या, फक्त तब्येत ठीक आहे एवढं कळवा. मी गाडी चालवणं थांबवलंय.

माया


बाळकुम,
९ जुलै

मायाताई,

मी आजारी नव्हते. बिल तुमचं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी काढलं होतं. देव्हाऱ्याच्या खालच्या खणात होतं, मीच ठेवलेलं. सोबत पाठवते आहे. दोन पानं आहेत.

पहिल्या पानावर तिसऱ्या सर्व्हिसचं सगळं आहे, तारीख १६ जुलै २०२४. ते वर्कशॉप नंतर बंद पडलं म्हणून तुमच्या माणसाकडे नोंद नसेल. दुसऱ्या पानावर मेकॅनिकने खाली हाताने लिहिलंय : 'डाव्या प्लगवर मिठाचा थर. वरून साफ केला, खाचेतला निघाला नाही. ग्राहकास सांगितले. वॉरंटीत बसणार नाही.'

ते मीठ तुमच्या वॉचमनचं नाही, ताई. माझं आहे.

आमच्याकडे होडी घरातली माणूस असते. नारळी पुनवेला तिला सजवतात, आणि आमच्या सासूबाई तर दर पुनवेला भरतीचं पाणी तांब्यात घेऊन होडीच्या नाळेवर घालायच्या. नाळ म्हणजे पुढचं टोक. खाडीची ओळख राहावी म्हणून. सासूबाईंनंतर मी घालायला लागले. होडी गेली. अंगणात गाडी आली. पहिल्या पुनवेला हात राहीना. प्रणित आंघोळीला गेला की तांब्या आणायचा आणि पुढच्या जाळीवर घालायचा. अशा बावीस-तेवीस पुनवा झाल्या असतील. होडीला मीठ लागून कधी काही झालं नाही हो, ती तर मिठातच जन्म काढायची. गाडीच्या जाळीमागे वायरी असतात हे माझ्या मनातच आलं नाही.

इथपर्यंत वेडेपणा म्हणा. पुढचं वेडेपणा नाही.

प्रणित त्या दिवशी हे बिल घेऊन घरी आला आणि हेमालीवर ओरडला. मी बाजार सोडल्यावर माझी बसायची जागा तिने घेतली होती, तिच्या टोपल्या गाडीतून जायच्या. तो म्हणाला, "तुज्या टोपल्यांचं पानी गलतंय, त्यानंच मीठ चढलंय गाडीला. आजपासून मच्छी गाडीत नाय!" ती म्हणाली, "मी खाली प्लास्टिक अंथरते." तेवढंच म्हणाली. मी तिथेच कोळंबी सोलत बसले होते. मला सगळं ऐकू आलं, चांगल्या कानाच्या बाजूलाच उभी होती ती. मी मान वर केली नाही.

त्या दिवसापासून पाणी घालणं बंद केलं. हेमाली तेव्हापासून सकाळी टेम्पोत उभी राहून जाते. त्या गाडीवरून त्या दोघांत जे सुरू झालं ते थांबलं नाही. शेवटी त्याने गाडीच विकली आणि जहाजावर गेला. आणि मी बहिरी म्हातारी म्हणून सगळ्यांनी मला यातून बाजूला ठेवलं, ते मला सोयीचं झालं.

तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा वाटलं, बिल नाहीच म्हणून कळवावं. मग तुम्ही वॉचमनचं लिहिलंत. पंधरा दिवस ते पत्र उशाखाली होतं. एकदा दुसऱ्याच्या डोक्यावर माझं मीठ पडताना बघितलं, आता परत बघवत नाही.

पहिलं पान दाखवलंत तर तुमची वॉरंटी टिकेल. दुसरं दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. फाडून टाकलंत तरी मी कुणाला सांगणार नाही. पण त्या माणसाला त्याचं काम परत द्या.

हेमालीला आज सांगणार आहे. पत्र आधी टाकते, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

शेवंती


ठाकुर्ली,
२४ जुलै

प्रिय शेवंतीताई,

पत्र वाचलं आणि चप्पल घालून खाली गेले. शिवराम गेटवर बसले होते. मी म्हटलं, चूक माझी होती. ते म्हणाले, "मॅडम, मी तेव्हाच बोललेलो. बोअरचं पाणी मी पितो, खारट नाय लागत." खरंच बोलले होते. मी ऐकलं नव्हतं, कारण माझ्याकडे बाटली होती.

ताई, एकतीस वर्षं मी लॅबमध्ये एकच गोष्ट घोकून घेतली की ज्याच्यावर संशय आहे त्याचीही तपासणी करा, नुसत्या रोग्याची नको. आणि मी प्लगवरची पूड तपासली, बोअरचं पाणी तपासलंच नाही. पाचशे रुपयांच्या पगारवाढीसाठी कधी भांडला नाही असा माणूस, त्याची कमाई मी एका थेंबावर थांबवली. दुसऱ्या दिवशी बोअरचं पाणी नेलं. अगदी गोडं निघालं. मीटिंग पुन्हा बोलावली आणि त्याच टेबलावर दोन बाटल्या ठेवून माफी मागितली. आठही गाड्या आता शिवरामच धुतात. माझी शेवटी धुतात, आणि ते बरोबरच आहे.

आता दुसरं पान. तुम्ही पाठवलंत ते तसंच फायलीत लावलं आणि दोन्ही पानं ऋतुराजना दिली. अर्धा रिपोर्ट हातात देणारी बाई मी कधीच नव्हते. त्यांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, म्हणाले, "हे नसतं दाखवलंत तर आम्हाला कळलं नसतं." मी म्हटलं, "मला कळलं असतं ना."

प्लग आणि वीतभर वायर वॉरंटीत बसली नाही. ती बदलली. मोटार आतून कोरडी निघाली, तिला काही झालेलं नाही. त्याचे पैसे मी भरले, त्याबद्दल एक अक्षर लिहायचं नाही. स्टेअरिंग आता एका बोटाने फिरतं.

आणि ऐका! गाडी वर उचललेली असताना पुढच्या उजव्या शॉकॲब्सॉर्बरमधून तेल झिरपताना दिसलं. त्याचा मिठाशी संबंध नाही. तो कंपनीचा दोष. सर्व्हिसची साखळी पूर्ण, चारही बिलं जोडलेली, तारीख ऑगस्टच्या आतली. नवीन बसवून दिला, एक पैसा न घेता, दुसऱ्या मालकिणीच्या नावावर! ती पावती मी सम्यकच्या हातात दिली. त्याने उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "बरं आत्या, मान्य." हे दोन शब्द त्याच्याकडून आजवर कुणी ऐकलेले नाहीत.

तर मला जे जाणून घ्यायचं होतं त्याचं उत्तर मिळालं. वॉरंटी गाडीबरोबर येते. तुमच्या बावीस पुनवाही गाडीबरोबर आल्या, त्याचं पुस्तकात कुठे लिहिलेलं नव्हतं. मला राग नाही आला, हे खरं सांगते. मला सारखं तुमचं कोळंबी सोलणं दिसत राहिलं, आणि माझं ते मीटिंगमध्ये बाटली ठेवणं.

हेमालीला सांगितलंत का? काय म्हणाली ती?

तुमची,
माया


बाळकुम,
२ ऑगस्ट

मायामावशी,

मी हेमाली. तुमचं पत्र आईंनी मला वाचायला दिलं आणि म्हणाल्या, "उत्तर तू दे, तुलाच विचारलंय." म्हणून लिहिते.

आईंनी नऊ जुलैला मला सांगितलं. मी मासे साफ करत होते. त्या समोर येऊन बसल्या आणि सगळं बोलल्या, न थांबता. मी ऐकून घेतलं आणि म्हटलं, "मला माहितीय."

मावशी, मी पाहिलं होतं. गाडी आली त्या वर्षीच, कोजागिरीच्या सकाळी, खिडकीतून. तांब्या पदराखाली धरून चालल्या होत्या. मला वाटलं, होडी गेल्याचं दुःख आहे, करू दे. मलाही वायरींचं काय माहीत! मग त्या बिलाच्या दिवशी मला कळलं मीठ कुठून आलं. मी गप्प राहिले. माझं मन मोठं आहे असं समजू नका. मला बघायचं होतं, त्या स्वतःहून कधी बोलतात. म्हटलं आज बोलतील, उद्या बोलतील. वर्ष गेलं. गाडी गेली. नवरा जहाजावर गेला. रोज सकाळी टेम्पोत उभी राहताना मी मनात म्हणायचे, अजून नाही.

शेवटी बोलल्या त्या तुमच्या वॉचमनसाठी. माझ्यासाठी नाही. याचा मला राग आहे आणि तो मी त्यांना सांगितला. त्या रडल्या. मी पण रडले, पण मला जास्त राग आला होता. चार दिवस आम्ही वेगवेगळ्या वेळी जेवलो.

पाचव्या दिवशी प्रणितचा फोन आला. आईंनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला. त्यांना पलीकडचं काही ऐकू येत नाही, म्हणून त्या आपल्याच मोठमोठ्याने बोलत सुटल्या. "मीठ माजं व्हतं! हेमालीच्या टोपलीचं नाय! ऐकलंस काय? माजं व्हतं!" चार घरांना ऐकू गेलं. शेजारच्या बायका दारात आल्या. त्यांच्याकडे बघूनही त्या तेच बोलत राहिल्या. प्रणित काय म्हणाला ते त्यांना कळलं नाही, मला पण सगळं सांगायचं नाही. रात्री त्याने मला परत फोन केला, एवढं सांगते.

येत्या शुक्रवारी नारळी पुनव आहे. आई म्हणतात, मायाताईंना बोलवू का विचार. मी म्हटलं, मीच बोलावते. गाडी घेऊन या. नारळाच्या वड्या आणि मासळी खाऊन जा. खाडीवर चालतच जाऊ. नारळ खाडीलाच द्यायचा, गाडीच्या जवळ पण न्यायचा नाही, हे आईंनी स्वतः ठरवलंय.

आणि माझं एक काम आहे. सकाळी लवकर निघालात तर साडेसहापर्यंत बाळकुमला याल. त्या दिवशी बाजार जोरात असतो. कोपरीपर्यंत मला सोडाल का? टोपल्या तीन आहेत. खाली प्लास्टिक अंथरेन. त्या डिकीत नको, मागच्या सीटवर ठेवायच्या आहेत, आणि मी पुढे बसणार आहे. आई अंगणात उभ्या राहून बघणार आहेत. मी त्यांना सांगून ठेवलंय.

हेमाली